दाराजवळचं स्टूल

सरकारला कायदे सुचवणाऱ्या आमच्या संस्थेची आता चार मजली काचेची इमारत झाली. काल वर्धापनदिनाला गेलो, तर दारापाशी माझं जुनं लाकडी स्टूल दिसलं. बसून बसून मी त्याला पाडलेला खळगा तसाच होता. लाकूड काय, संस्था काय, रोज बसणाऱ्या माणसाचा आकार घेतेच.

मी इथला पहिला शिपाई. तेव्हा पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या होत्या. संस्था काढणारे नाना म्हणायचे, "जुनं मोडण्याआधी ते का बांधलं होतं, एवढं तरी सरकारनं विचारावं." लोक हसायचे, प्रतिगामी म्हणायचे. पुढं याच खोल्यांतल्या कागदांचे दिल्लीत कायदे झाले. पण प्रत्येक कागद आधी या स्टुलापाशी यायचा. नाना वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "किसन, कळलं?" मी नाही म्हणालो, की पुन्हा लिहायचा. एका पानासाठी मी शिकलेल्या साहेबांना तीन दिवस झुलवलंय. चौथीपर्यंतच शिकलो, पण कळल्याशिवाय हो म्हणणार नाही.

नव्या लोकांनी ही रीत मोडली असणार, अशी धाकधूक होती. तेवढ्यात संचालक बाई कागद घेऊन आल्या. "किसनकाका, बसा. हा उद्या मंत्र्यांकडं जायचाय."

"आता मला कशाला विचारताय?"

"वा! जुनं मोडण्याआधी विचारायचं असतं ना?"

त्यांनी सगळं वाचलं. अक्षर न् अक्षर कळलं. तरी मी ताठ बसून म्हणालो, "नाही कळलं. परत वाचा."