पुलावरचा खट् आवाज

आमच्या नाशिक रोडच्या फ्लॅटमधली मागची खोली कागदोपत्री बेडरूम होती. तिथे कुणी झोपल्याचं मला तरी आठवत नाही. तिथे रेल्वे होती. खोलीच्या तीन भिंतींना लागून, कमरेइतक्या उंचीवर, घोड्याच्या नालासारखी वळलेली एक लांबलचक फळी होती. तिच्यावर बोटभर रुंदीचे रूळ, एक स्टेशन, एक डोंगर, डोंगरात बोगदा आणि नदीवर पूल. मधल्या मोकळ्या जागेत उभा राहून माझा नवरा गाड्या चालवायचा. कपडे वाळत घालायची गॅलरी नेमकी समोरच्या भिंतीपलीकडे, त्यामुळे ओल्या कपड्यांची बादली पुढे ढकलत मी अख्खा संसार त्या रेल्वेखालून रांगत केला आहे.

लग्न ठरल्यापासून मी त्याला अरेतुरेच करत आले. सासूबाईंना ते शेवटपर्यंत खटकलं, त्याला कधीच नाही. पाटबंधारे खात्यात तो आरेखक होता. दिवसभर कालव्यांचे नकाशे काढायचा आणि घरी आला की रूळ आखायला बसायचा. खऱ्या रेल्वेशी त्याचा संबंध एवढाच, की मन लागत नसलं की तो स्टेशनच्या पादचारी पुलावर जाऊन उभा राहायचा आणि दोन-चार गाड्या बघून शहाण्यासारखा घरी यायचा. इतर बायकांचे नवरे कुठे कुठे जातात ते ऐकल्यावर मी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.

या खेळात त्याला दोन भिडू होते. एक आमच्याच कॉलनीतले चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांना आम्ही सर म्हणायचो. मागच्या भिंतीवरचा ब्रह्मगिरी त्यांनी रंगवला होता आणि दर पावसाळ्यात ते त्यावर हिरवा रंग चढवायचे, उन्हाळ्यात पुन्हा तपकिरी. दुसरे खालच्या मजल्यावरचे होमिओपॅथीचे डॉक्टर, ज्यांच्याकडे पेशंटपेक्षा वेळ जास्त होता. रविवारी सकाळी दोघं मिसळीचं पार्सल घेऊन यायचे आणि दुपारचं जेवण गार होईपर्यंत उठायचे नाहीत.

सगळं घर त्या रेल्वेत राबलं. झाडं भांडी घासायच्या हिरव्या काथ्याची होती, ती आमच्या मुलीने शाळेत असताना केली. डोंगर रद्दीच्या कागदाचा. पहिला डोंगर चिकटवायला मी कणकेची खळ करून दिली होती, आणि उंदरांनी आठवडाभरात तो पायथ्यापासून खात खात बोगद्यापर्यंत आणला. "बोगदा खणायचे कष्ट वाचले," असं डॉक्टर म्हणाले, तर नवरा त्यांच्याशी दोन दिवस बोलला नाही.

त्या फळीवरून झालेला वाद मला अजून आठवतो. सरांचं म्हणणं होतं की असल्या रेल्वे तुकड्यांनी करायच्या असतात, म्हणजे सोडवून हलवता येतात. डॉक्टरांनीही विचारलं, "अहो, उद्या घर बदललं तर हे धूड दारातून बाहेर कसं निघणार?" पण याचं एकच. सांधा आला की गाडी अडखळते, आणि माझ्या लाईनीवर गाडी अडखळणार नाही. त्याने सगळी चौकट खोलीतच उभी केली, गोंद आणि स्क्रू लावून अखंड. वर डॉक्टरांना म्हणाला, "आणि घर कोण बदलतंय? मी इथून जाणार तो आडवाच."

"तोंड आवर," मी म्हणाले. तिघंही हसले.

लाईन अखंड असल्याचा त्याला फार अभिमान. त्यातूनच पाण्याची फेरी सुरू झाली. रविवारची पहिली गाडी मालगाडी असायची. तिच्या उघड्या वाघिणीत, म्हणजे मालाच्या डब्यात, तो बाटलीचं झाकण ठेवायचा आणि त्यात काठोकाठ पाणी भरायचा. गाडी स्टेशनातून निघायची, पूल ओलांडायची, बोगद्यातून बाहेर पडायची, वळून परत यायची, आणि झाकणातला थेंबही सांडायचा नाही. मग तो आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून बघायचा. दर रविवारी तेच पाणी, तेच झाकण, पण आम्ही दर वेळी वा म्हणायचो. न म्हणून सांगता कुणाला?

मग त्याचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी, म्हणजे मोठ्या हॉस्पिटलातल्या, मला आणि मुलीला बाजूला घेऊन सांगितलं. त्यालाही सांगितलं. तो मान हलवत ऐकत होता, जणू कुणाच्या तरी कालव्याचा नकाशा समजावून घेत होता. घरी आल्यावर त्याने चहा मागितला आणि म्हणाला, "फळीखालचं वायरिंग फार जुनं झालंय. बदलायला हवं."

त्यानंतर अंगात थोडी ताकद असली की तो फळीखाली. पाठीखाली जुनी गोधडी घालून उताणा पडायचा, हातात टॉर्च. मी दारात उभी राहिले की मला फक्त त्याचे तळवे दिसायचे. मी त्या तळव्यांशी बोलायचे. जेवायला ये म्हणायचे, औषध घे म्हणायचे. एकदा न राहवून म्हणाले, "अरे, आता तरी माझ्याजवळ बस की जरा. काहीतरी बोल. तुला काही सांगायचं नाही का मला?"

आतून आवाज आला, "तोपर्यंत ते पोपटी दोऱ्याचं रीळ दे ना जरा."

मी रीळ आणून त्याच्या पायावर फेकलं. मरणाच्या दारातल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण मी चिडले आणि आजही मला त्याचं काही वाटत नाही. चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली तो माणूस जाणार होता, मला माहीत होतं, त्याला माहीत होतं, आणि तो त्या विषयाला हातसुद्धा लावत नव्हता. मला निरोप हवा होता. दोन वाक्यं चालली असती. तो वायरी बदलत होता.

त्याच सुमारास पुलावर खट् आवाज यायला लागला. गाडी पुलाच्या मध्यावर आली की एक झटका बसायचा. पहिल्यांदा झाला त्या रविवारी पाण्याची फेरी चालू होती. झाकण हिंदकळलं आणि पाणी नदीत, म्हणजे सरांनी रंगवलेल्या नदीत, सांडलं. सरांनी खिशातून रुमाल काढून हळूच टिपून घेतलं. पुढच्या रविवारी गाडी पुलाजवळ आली आणि डॉक्टर मोठ्याने खोकले. त्याच्या पुढच्या रविवारीही. मग माझ्या लक्षात आलं, ते आवाज झाकत होते. याचा हात आता चालत नाही, रूळ बसवताना चुकलाय, ते त्याला कळू नये म्हणून. मी स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसले आणि बाहेर येऊन म्हणाले, "डॉक्टर, स्वतःच्या खोकल्यावर तुमच्याकडे एखादी गोळी नाही का हो?"

नवरा हसला. पाण्याची फेरी त्याने त्यानंतर आपणहून बंद केली. "पोरखेळ झाला तो," म्हणाला. पण इतर गाड्या धावत होत्या, पुलावर खट् वाजत होतं आणि डॉक्टर खोकत होते.

दिवाळीनंतर तो गेला. आडवाच गेला, म्हणाला होता तसा. शेवटच्या दिवशी त्याने मला पाणी मागितलं, पंखा कमी करायला सांगितलं. निरोपाचं एक अक्षर नाही.

पुढची दोन वर्षं मी ती खोली बंद ठेवली आणि कपडे बाथरूममध्ये वाळवले. मग आमच्या सोसायटीने इमारत पाडून नवी बांधायची ठरवली. सगळ्यांनी घरं रिकामी करायची, इमारत होईपर्यंत भाड्याने राहायचं. फ्रिज निघेल, कपाट निघेल, रेल्वे कशी निघणार? मुलगी फोनवर म्हणाली, "आई, छान फोटो काढून ठेव आणि सोडून दे." तिचं चूक नव्हतं. पण मी ते ऐकून फोन ठेवला आणि दिवसभर उचलला नाही. तो गेल्यानंतर त्याच्या हातचं माझ्याजवळ तेवढंच होतं, आणि इमारतीबरोबर त्याच्यावर बुलडोझर फिरणार होता.

शेवटी सर आणि डॉक्टर म्हणाले, कापू. तीन तुकडे केले तर दारातून जातील. रूळ तुटतील, डोंगर फुटेल, जे वाचेल ते वाचेल. सुतार आला. त्याने करवत काढली आणि मला विचारलं, "ताई, कुठून कापू?" मला सांगता येईना. त्याची अखंड लाईन, तिच्यावर करवत कुठे ठेवा म्हणून मी सांगायचं? मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

सर म्हणाले, "थांबा, खाली वायरी कुठून गेल्यात ते तरी बघू." गुडघे दुखतात त्यांचे, तरी खाली शिरले. पाठोपाठ सुतार टॉर्च घेऊन शिरला. मग सुतार म्हणाला, "ताई, हे तं आधीच कापलेलं हाये. इथं करवतीचं कामच नाय."

"वहिनी," सर आतून म्हणाले, "जरा खाली या."

त्या फळीखालून मी आयुष्यभर रांगत गेले होते, पण कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. पुलाच्या बरोबर खाली चौकट आरपार कापलेली होती. दोन्ही बाजूंना जाड पट्ट्या लावल्या होत्या आणि त्या हाताने फिरवता येतील अशा नटबोल्टने जोडल्या होत्या. पाना नको, स्क्रूड्रायव्हर नको. वायरीही तिथे तोडून त्यांची टोकं एकमेकांत खोचता येतील अशी केली होती, आणि प्रत्येक जोडीच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाचा दोरा गुंडाळला होता. माझा शिवणाचा दोरा. पोपटीला पोपटी, मरूनला मरून, हळदीला हळदी.

सरांना वायरिंग कळत होतं. डॉक्टरांना थोडंफार कळत होतं. त्या घरात वायरिंग न कळणारी आणि दोऱ्यांचे रंग ओळखणारी मी एकटीच होते.

दुसरा काप बोगद्यात सापडला. वरचा डोंगर डब्याच्या झाकणासारखा उचलला जात होता. चौकट कापलेली, रूळ कापलेले, पण सगळं इतकं नीट घासून बसवलेलं, की तिथे कधी खट् वाजलंच नव्हतं. ज्या माणसाला गाडी अडखळलेली खपत नव्हती, त्याने स्वतःच्या हाताने लाईन दोन ठिकाणी तोडली होती. दुखऱ्या पोटाने, उताणा पडून, मी त्याच्या तळव्यांशी भांडत असताना. आपण गेल्यावर हिला कधी ना कधी हे घर सोडावं लागेल हे त्याला कळलं होतं.

मी तिथेच, फळीखाली बसून रडले. त्याला नाही नाही ते बोलले. सांगायचं होतंस ना, म्हणाले. तोंडाने सांगितलं असतंस तर काय झालं असतं? सुतार बिचारा करवत पिशवीत घालून बाहेर जाऊन बसला. डॉक्टर गॅलरीच्या दाराशी पाठ करून उभे होते. सर रुमालाने चष्मा पुसत राहिले. "आम्हाला वाटलं त्याचा हात गेला," ते म्हणाले. "आणि आम्ही त्याच्यावर दया करत होतो, वहिनी."

नट मी सोडवले. एकही अडला नाही.

आता मी देवळालीच्या बाजूला भाड्याच्या घरात राहते. बाहेरच्या खोलीत सोफा नाही, रेल्वे आहे. आलेले पाहुणे खुर्च्यांवर बसतात. तुकडे सरांनी आणि डॉक्टरांनी भिंतींना लावून दिले, पण दोरे मी जुळवले. पहिल्याच खेपेला दिवे लागले.

पहिल्या रविवारी दोघं मिसळ घेऊन आले. सर पुलाजवळ वाकून म्हणाले, "वहिनी, हा सांधा आता पक्का करून टाकू का? रूळ एकदा नीट घासून जोडले की गाडी पूर्वीसारखी मऊ धावेल."

"हात लावायचा नाही त्याला," मी म्हणाले.

मग मी स्वयंपाकघरातून बाटलीचं झाकण आणलं, काठोकाठ भरलं आणि मालगाडीच्या वाघिणीत ठेवलं. डॉक्टरांनी बटण फिरवलं. गाडी स्टेशनातून निघाली, सरांच्या हिरव्या शेतांवरून वळली आणि पुलाकडे आली. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते खोकले नाहीत. पुलाच्या मध्यावर खट् वाजलं, पाणी नदीत सांडलं, आणि या वेळी ते कुणी पुसलं नाही.