ब्रेकताईंचा डावा पाय

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या बाईंना सगळे ब्रेकताई म्हणतात. त्या गाडी शिकवतात. त्यांच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक बसवलेले आहेत आणि त्यांवर ताईंचं जेवढं लक्ष असतं, तेवढं माझं गॅसवर दूध ठेवल्यावरही नसतं.

त्यांचे यजमान पूर्वी भाड्याची गाडी चालवायचे. पुढे नजर अधू झाली आणि गाडी दारात उभी राहिली. विकून टाका, असं सगळ्या नातेवाइकांनी सांगितलं. ताईंनी विकली नाही, शिकून घेतली. शिकवायला यजमानच. "हे शेजारी बसून असे ओरडायचे, की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा बाजूला व्हायची," ताई सांगतात. "तेव्हाच ठरवलं, आपण शिकवायचं तेव्हा तोंड बंद ठेवायचं आणि पाय चालवायचे."

ती गाडी केव्हाच भंगारात गेली, पण रीत राहिली. नवऱ्याकडून, भावाकडून किंवा मुलाकडून गाडी शिकता शिकता जिचं घरात बोलणं बंद व्हायची वेळ आली, ती बाई ताईंकडे येते. मीही तशीच आले. ताई कधी 'अहो, हे काय केलंत' म्हणाल्या नाहीत. माझ्या हातून काही चुकलं, की गाडी आपोआप सावरायची आणि ताई खिडकीबाहेर बघत म्हणायच्या, "छान. पुढे घ्या."

असं सगळं छान चाललेलं असताना एके सकाळी पुलाच्या चढावर गाडी थंडी भरल्यासारखी थरथरली आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. वर पोचेपर्यंत लुकलुकणं थांबलं, पण दिवा तसाच राहिला.

"मी काय केलं?" मी घाबरून विचारलं.

"तुम्ही काही नाही केलं. छान. पुढे घ्या," ताई म्हणाल्या, पण या वेळी त्या खिडकीबाहेर बघत नव्हत्या.

गॅरेजच्या मिस्त्रींनी स्टिअरिंगखाली स्कॅनर लावला. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, एवढं यंत्राने सांगितलं. नेमक्या कोणत्या, ते सांगेना. मिस्त्रींनी सगळे प्लग बदलले, स्कॅनरवरून दिवा बंद केला, स्वतः लांब चक्कर मारून आले. दिवा नाही. ताई चालवून आल्या. दिवा नाही. दुसऱ्या दिवशी एक शिकाऊ बाई बसली आणि दिवा हजर! मग एक सेन्सर बदलून झाला. पुन्हा तेच. शेवटी मिस्त्री वैतागले.

"ताई, खरं सांगू? तुमच्या या बायका गाडीचा जीव घेताहेत. इंजिन उघडायला लागेल, नाहीतर गाडी विका. आणि यापुढे ज्यांना थोडंफार येतं, त्यांनाच घ्या."

"ज्यांना येतं त्यांना मी काय शिकवू, कपाळ?" ताई म्हणाल्या. पण बोलणं त्यांना लागलं होतं. इंजिन उघडलं म्हणजे गाडी किती दिवस अडकेल, कोण जाणे, आणि दुसरी गाडी नाही. संध्याकाळी त्या वर आमच्याकडे आल्या, पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, तुमचं जरा थांबवू या. राग मानू नका. नव्या बायका घ्यायच्याच नाहीत, असं ठरवतेय. दुसरं तरी काय करू?"

राग नाही आला, पण चाळिशी उलटल्यावर शाळेतून नाव कमी झाल्यासारखं वाटलं. आणि ताईंकडे बघवेना. नवख्या बाईला गाडी शिकवायची नाही, तर ही बाई सकाळी उठून करणार काय?

त्यांना सोडायला खाली गेले, तर यजमान दारातच खुर्ची टाकून बसले होते. मिस्त्रींचं म्हणणं त्यांच्या कानावर आलेलं होतंच.

"अगं, मिस्त्री चालवतो तेव्हा दिवा लागत नाही, तू चालवतेस तेव्हा लागत नाही. डॉक्टरसमोर खोकला येत नाही, तसली गत. मग ज्याला खोकला येतो, त्यालाच घेऊन जा ना!"

"म्हणजे मला?" मी विचारलं.

"तुमच्याइतकं वाईट कोण चालवतं आणखी?" ते मनापासून म्हणाले.

मी चालक म्हणून, ताई शेजारी आणि मिस्त्री मागच्या सीटवर मांडीवर स्कॅनर घेऊन, अशी आमची वरात पुलाकडे निघाली. चढावर मी नेहमीप्रमाणे गिअर खाली घ्यायला विसरले. गाडी थरथरायला लागली, आणि लगेच शांतही झाली.

"दोषाचे आकडे चढत होते, मध्येच थांबले," मिस्त्री म्हणाले. "परत."

परतही तेच झालं. तिसऱ्यांदा मिस्त्री दोन सीटांच्या मधून वाकून खाली बघत राहिले. "ताई, क्लच तुम्ही दाबताय."

"मी? छे!"

"दाबताय. इंजिनावर जोर आला रे आला, की तुमचा पाय खाली जातो. जोर गेला की दोष गेला. मग यंत्राला दिसणार काय?"

ताईंनी आपल्या पायाकडे असं बघितलं, जसं काही तो दुसऱ्या कुणाचा होता आणि चुकून त्यांच्या गाडीत राहिला होता. त्यांना खरोखर ठाऊक नव्हतं. मग त्यांनी चप्पल काढली, डावा पाय वर घेतला आणि मांडीखाली दाबून बसल्या. "उजवा ब्रेकवर राहील. तो जिवासाठी आहे," म्हणाल्या. "चला वहिनी. वाईट चालवा."

या वेळी गाडी थरथरली ती थरथरतच राहिली. दरवाजाचं हँडल ताईंनी घट्ट धरलं होतं, ओठ मिटले होते. पिवळा दिवा लुकलुकला. "तीन नंबर!" मिस्त्री मागून ओरडले. "तीन नंबरच!" आणि गाडी बंद पडली. चढावर. मागे हॉर्न सुरू झाले. मी वाट बघत बसले, गाडी नेहमीसारखी आपोआप सावरेल म्हणून. ती सावरली नाही. शेवटी मीच हँडब्रेक ओढला, मीच चालू केली, दोनदा पुन्हा बंद पाडली आणि बेडकासारख्या उड्या मारत एकदाची वर नेली. कुणीही 'छान' म्हणालं नाही.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी तीन नंबरच्या सिलिंडरवरची कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग, काढून एक नंबरवर बसवली आणि एकची तीनवर. "आता परत तस्संच चालवा." तेवढं मला जमण्यासारखं होतं. या खेपेला दोष एक नंबरवर दिसला. कॉइलबरोबर दोषही घर बदलून गेला होता. उजेडात धरल्यावर तिच्या अंगावर केसाएवढी चीर दिसली. सपाट रस्त्यावर ती कॉइल कशीबशी वेळ मारून नेत होती, जोर आला की हात टेकत होती.

"इंजिन ठणठणीत आहे," मिस्त्री मान खाजवत म्हणाले. "प्लग बिचारे उगाच बदलले. चोर सोडून संन्याशाला फाशी."

"आणि माझ्या बायकांना?" ताईंनी विचारलं. मिस्त्री नवी कॉइल शोधायला आत गेले.

मला वाटलं, आता ताई हसतील. त्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, आजवर त्या चढावर गाडी तुम्ही काढत होतात, की मी?"

"मला वाटायचं, मीच."

"मलाही तसंच वाटायचं हो." त्यांनी डावा पाय थोडा पुढे केला आणि मागे घेतला. "बाजारात माझ्याकडे शिकलेल्या जुन्या बायका भेटतात. लायसन्स आहे, गाडी आहे, चालवत नाहीत. भीती वाटते म्हणतात. मी मनातल्या मनात त्यांच्या नवऱ्यांना शिव्या घालायचे."

त्यांचं समाधान करायला चार शब्द होते माझ्याजवळ, पण मघाशी चढावर हँडब्रेक मी एकटीने ओढला होता, आणि ते मला आवडलं होतं. तेच मी त्यांना सांगितलं.

नवी कॉइल बसवून घरी आल्यावर ताईंनी पहिला फोन केला तो कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या, जराशा गोंधळलेल्या.

"ताई, माझं लायसन्स झालंय की कधीचंच."

"झालंय ना. पण गाडी चालवता यायची राहिलीय. चूक माझी आहे, बसा."

"आणि बंद पडली तर?"

"पडेल. मी काही करणार नाही. चालू तुम्ही करायची."

गाडी गल्लीच्या तोंडाशी गेली आणि बंद पडली. मागे एक टेम्पो येऊन थांबला, हॉर्न वाजवू लागला. मी यजमानांच्या खुर्चीमागे उभी होते. "काय चाललंय?" त्यांनी विचारलं. "काही नाही," मी म्हणाले, "उभी आहे." टेम्पोवाला खाली उतरायच्या बेतात होता, तेवढ्यात गाडी एक मोठा गचका खाऊन चालू झाली आणि वळली.

त्यानंतर माझी पाळी होती.