सरकारी जावई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. अमरावतीच्या कॉलेजात, स्नेहसंमेलनातल्या फिशपाँडची ती चिठ्ठी मी लिहिली होती.

फिशपाँडला लिहिणाऱ्याचं नाव नसतं. चिठ्ठी खोक्यात टाकायची, ती मंचावरून वाचली जाणार, आणि ज्याच्यावर असेल त्यानं उभं राहून हसत हसत टोमणा झेलायचा. त्या वर्षी शिष्यवृत्ती लांबली होती. आमच्या वर्गातला एक बौद्ध मुलगा रोज ऑफिसबाहेरच्या बाकावर चौकशीला बसायचा. प्रॅक्टिकलला त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले होते, तेही मला सलत होतं. मी लिहिलं: "सरकारी जावई यंदा फारच रुसले, आहेराच्या वाटेकडे डोळे लावून बसले." सगळं सभागृह हसलं. तोही उभा राहून हसायचा प्रयत्न करत होता. होळीनंतर तो कॉलेजात दिसला नाही.

मी पुढे प्राध्यापक झालो. गेल्या वर्षी अकोल्यात काही हौशी मंडळींनी कॉमिक्समधल्या एका खलनायकावरचा काळोखा सिनेमा दाखवला आणि नंतर बोलायला मला बोलावलं. शहर एका गरीब, आजारी माणसाला हसत राहतं, त्याची मदत बंद करतं, आणि शेवटी तो शस्त्र उचलतो, अशी गोष्ट. खलनायक जन्मत नाही, व्यवस्था त्याला घडवते, असं मी म्हणालो. हसणं हीसुद्धा हिंसा असते, असंही म्हणालो. टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी एक पिकल्या केसांचा माणूस समोर आला. मी ओळखण्याआधी त्यानंच ओळख दिली: ऑफिसबाहेरच्या बाकावर बसणारा तोच मुलगा. त्याच्या मते सिनेमा अर्धाच खरा होता. ज्याला हसतात तो काही दर वेळी बंदूक घेत नाही, बहुतेक जण बॅग भरून एसटीत बसतात.

"मी काई खलनायक झालो नाई बा, तलाठी झालो," तो म्हणाला. "गावातले मनतात, एकच हाय थे."

आम्ही दोघंही हसलो. मग त्यानं कप खाली ठेवला.

"तू व्यवस्था-व्यवस्था लय केलं. पन माह्यावरची चिठ्ठी काई व्यवस्थेनं नाई लिवली. कोनं लिवली होती रे?"

आवाजात राग नव्हता. कबुली देणं त्यानं माझ्यासाठी याहून किती सोपं करायचं होतं?

मी म्हणालो, दर्यापूरवाल्यानं. तो आमचा वर्गमित्र दोन वर्षांपूर्वी वारला होता. 'मी नाही लिहिली' म्हणायला तो येणार नव्हता, म्हणूनच त्याचं नाव माझ्या तोंडी आलं.

"थो?" त्यानं विचारलं. "पैसे नाई मनून माही मेस बंद झाली तवा रोज त्याच्या डब्यातली अर्धी भाकर खाल्ली मी."

तेवढ्यात आयोजकांनी मला शाल-श्रीफळासाठी हाक मारली. मी गेलो. फोटोसाठी उभाही राहिलो. परत येईपर्यंत तो निघून गेला होता.

त्याचा नंबर मी त्याच आठवड्यात मिळवला. अजून लावलेला नाही. त्याच्यासमोर बसून मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत: ती चिठ्ठी माझी होती, आणि दर्यापूरवाल्याला तिच्यातलं काहीही माहीत नव्हतं. इथं लिहिल्यानं ते फिटत नाही. एवढं मी त्याचं देणं लागतो.