'दरबार' थीमचे छेद

वेबसाइटच्या धंद्यात किस्से शोधायला जावं लागत नाही. गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचं काम एकाच माणसाकडे द्या, पोतं आपोआप भरतं. आमच्या ऑफिसात ते काम माझ्याकडे होतं.

निम्मं पोतं भरलं ते दोन कंपन्या एक झाल्या तेव्हा. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात सिटी सेंटर भागातली आमची कंपनी बापट सरांची, हरिशंकरपुरमची भदौरियाजींची. वेगवेगळं उपाशी राहण्यापेक्षा एकत्र बसू, असं दोघांनी ठरवलं. भदौरियाजी टेबल-खुर्च्यांसकट आमच्याकडे आले आणि येताना 'दरबार' नावाची त्यांची थीम घेऊन आले. थीम म्हणजे वेबसाइटचा तयार साचा; मजकूर गिऱ्हाइकाचा, रूप आपलं. बापट सरांनी दोन्हीकडची सगळी गिऱ्हाइकं त्या एका थीमवर आणून बसवली.

थोड्याच दिवसांत भदौरियाजी चहाचा कप घेऊन सरांसमोर बसले. "सर, अपनी थीम में छेद है."

छेद असा, की साइटवरच्या शोधाच्या चौकटीत तुम्ही जे लिहाल ते थीम न तपासता जसंच्या तसं पानावर छापायची. आमच्या एका लोणच्याच्या दुकानाच्या साइटवर कुणी 'लिंबू' लिहिलं तर 'लिंबू' दिसायचं. पण कुणी तिथं प्रोग्रामचा तुकडा लिहिला, तर ब्राउझर तो दाखवायचा नाही, चालवायचा.

"असलं कोण लिहिणार?" सर म्हणाले. "लोणच्याचं दुकान आहे ते."

भदौरियाजी जागेवर गेले आणि सरांना एक लिंक पाठवली. लोणच्याच्या दुकानाच्याच शोधाची होती, फक्त शब्दाच्या जागी प्रोग्रामचा तुकडा. सर त्या साइटवर ॲडमिन म्हणून, म्हणजे सगळं बदलायच्या हक्कानं, लॉगिन होते, त्यांनी ती उघडली. पान नेहमीसारखंच दिसलं. मग त्यांनी दुकानाचं पहिलं पान पाहिलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मालक : भदौरिया'.

"मी तर फक्त लिंक उघडली."

"बस, इतना ही करना होता है, सर."

दुरुस्ती त्याच दुपारी सुरू झाली.

* * *

पहिला उपाय सरांनी स्वतः काढला. प्रोग्रामचा तुकडा 'पेक्षा कमी'च्या चिन्हानं सुरू होतो, तर साइटवर कुठंही ते चिन्ह दिसलं की ते आणि त्याच्या पुढचं सगळंच उडवायचं. साधा, सरळ उपाय.

दुसऱ्या दिवशी एका पॅथॉलॉजी लॅबचा फोन. त्यांच्या साइटवर लिहिलेलं असायचं, उपाशीपोटी साखर अमुक आकड्यापेक्षा कमी असेल तर काळजी करू नका. 'कमी' त्यांनी चिन्हानं लिहिलं होतं. आता तिथं फक्त 'उपाशीपोटी साखर' एवढंच उरलं होतं.

"मॅडम," लॅबवाले म्हणाले, "सकाळपासून पेशंट येऊन राहिलेत. डब्यात साखर घेऊन."

मी सरांना सांगितलं. सरांनी उपाय मागे घेतला.

* * *

मग भदौरियाजींनी नीट उपाय केला. चिन्ह उडवायचं नाही, छापताना त्याचं रूप बदलायचं, म्हणजे ब्राउझर त्याला हुकूम न समजता नुसतं अक्षर समजतो. इकडे सरांनीही कुठंतरी वाचून हेच केलं, फक्त मजकूर साठवताना. कंपन्या नुकत्याच एक झाल्या होत्या. कोण काय करतंय हे एकमेकांना सांगायची पद्धत अजून पडली नव्हती.

एका शाळेच्या प्रिन्सिपल डी'कोस्टा मॅडम. त्यांच्या नावातल्या अपॉस्ट्रॉफीचंही रूप दोनदा बदललं. साइटवर 'डी' आणि 'कोस्टा'च्या मधोमध शून्य-तीन-नऊ असा आकडा उगवला.

"बेटा," त्या फोनवर शांतपणे म्हणाल्या, "ये मेरा कैदी नंबर है क्या?"

त्या दिवशी भदौरियाजींनी फळ्यावर लिहिलं : आते समय जाँचो, छापते समय बदलो, और एक ही आदमी बदले.

* * *

दर्पण कॉलनीतल्या एका योगवर्गाला 'दरबार' आवडली नाही. योगगुरूंनी स्वतःची थीम आणली. महागाची थीम, कुणीतरी फुकट वाटलेली. भदौरियाजींनी हात जोडून सांगितलं की फुकट वाटणारा आत काय भरून देतो ते दिसत नाही. गुरुजी म्हणाले, माझा विश्वास आहे.

आठवडाभरानं योगाची साइट उघडली की माणूस रमीच्या साइटवर जायला लागला.

मी घाईनं गुरुजींना फोन केला. म्हटलं, आम्ही लगेच बंद करतो.

"दोन दिवस राहू दे ना," गुरुजी म्हणाले. "फोन फार येऊन राहिलेत."

बंद केली. सूर्यनमस्कारांखाली मग 'दरबार'च आली.

* * *

शेवटचा छेद वधू-वर मंडळाच्या साइटवर होता, आणि तो सगळ्यात वाईट, कारण तिथं मुलींचे फोन नंबर होते. छेद आम्हांला सापडला नाही. एका मुलीला सापडला. जाधवांची मृण्मयी, बँकेत कॉम्प्युटर बघायची. तिनं 'अपेक्षा'च्या रकान्यात प्रोग्रामचा तुकडा लिहून ठेवला. जो तिचं स्थळ उघडेल त्याच्यासमोर पाटी यायची : 'या साइटवरून कुणाचाही नंबर चोरता येतो. आधी हे दुरुस्त करा.'

मंडळाचे अध्यक्ष घाबरले. सर घाबरले. भदौरियाजींनी साइट बंद ठेवली, एकेक रकाना तपासला, आणि संध्याकाळी उघडली तेव्हा पाटी येणं थांबलं होतं. मृण्मयीचा तुकडा 'अपेक्षा'त तसाच होता, पण आता नुसती अक्षरं, कंस आणि चिन्हं. मी ती पुसायचं विसरले.

महिन्याभरानं जाधवकाकूंचा फोन आला. मी आधीच माफी मागितली, म्हटलं, काकू, ते आत्ता काढते.

"नको, नको," काकू म्हणाल्या. "त्याच्यासाठीच फोन केला. ते काढू नकोस."

"का हो?"

"एक मुलगा आलाय. म्हणाला, अपेक्षा वाचली, पण हेच एका ओळीत करता येतं. आमची मृण्मयी म्हणाली, दाखव करून. तेव्हापासून दोघं कॉम्प्युटरसमोर बसून भांडून राहिलेत. मी पोहे दोनदा गरम केले."

"मग आता?"

"आता त्याची आई दुसऱ्या फोनवर आहे," काकू म्हणाल्या. "विचारतेय, कुणाची ओळ लहान झाली?"