उतारावरचा ओंडका
माझे अक्षर वेडेवाकडे आहे, शुद्धलेखनही चुकते, त्याची माफी असावी. एरंडेलाच्या वंगणाचा वास आला की ती छपराची बैलगाडी आठवते. त्र्यंबकला जायला आम्ही ती जव्हारात भाड्याने घेतली होती, निजणेही तिच्यातच. मोखाड्याजवळ उतारावर वेग आवरायला गाडीवानाने मागे ओंडका बांधला आणि स्वतः बैलांपुढे चालू लागला. माझ्या यजमानांना घाई होती. त्यांनी ओंडक्याचा दोर कापला. गाडी सुसाट सुटली, एका बैलाचा पाय मोडला. "दोर आपोआप तुटला," हे म्हणाले. "काय शेठ, उंदरांनी कुरतडला?" म्हणत गाडीवान यांना बैल हाकायच्या पराणीने रक्त येईतो झोडपू लागला. परक्या पुरुषाशी कधी न बोललेली मी मध्ये पडले. "दादा, यांनीच कापला. मारू नका, बैलाचे पैसे भरू." त्याचा हात थांबला. घरी आल्यावर, खरे बोलले म्हणून, यांनी मला मारले. पण शब्द मी दिला होता. पापड लाटून तीन वर्षांत मी सगळे पैसे फेडले. शेवटचा रुपया गाडीवानाच्या हातावर मीच ठेवला, हे आज पहिल्यांदाच लिहिते आहे.