हायवे तीनवरची खीर

“ते टाकून द्या तेवढं,” विनायकराव म्हणाले. सीटवरच्या डब्याकडे नुसती हनुवटी दाखवली. हात लावला नाही.

मी लावला. कॅनडातल्या विंडसरच्या कारखान्याच्या पार्किंगमधलं कचऱ्याचं पिंप. स्टीलचा डबा, आत खीर, अजून कोमट. ओतली.

दोन हजार सतराचा मे. विनायकराव आमचे सुपरवायझर, गाडी त्यांची. आम्ही दोघं लेमिंग्टनहून निघायचो. हायवे तीनवर एसेक्सच्या सिग्नलला सुषमा चढायची. नागपूरची पोरगी, कॉलेज संपवून नुकती कारखान्याच्या लाइनवर लागलेली, प्रोबेशनवर. त्या रस्त्याला बस नाही. गाडी चुकली की शिफ्ट गेली. शिफ्ट गेली की नोकरीही जायची.

त्या सकाळी चढताना ती फोनवर होती. “जयभीम आई, ठेवते.” मग मागून डबा पुढे केला. “बुद्धपौर्णिमा आहे ना जी आज. घ्या काका.”

विनायकरावांनी आरशात पाहिलं. “आमचा उपास आहे.” हातात अर्धा खाल्लेला बेगल-पाव होता.

“मी नंतर खातो,” मी म्हणालो. तिनं डबा सीटवर ठेवला.

आता खरं सांगतो. मीही सुषमाच्याच समाजातला. वडिलांनी आडनाव बदलून गावाचं लावलेलं. विनायकरावांनी पहिल्याच दिवशी आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि मनाशी काय ते ठरवून टाकलं. मी ठरवू दिलं. आरक्षणावरच्या त्यांच्या विनोदांना हसलो. आईला सांगितलं, फोनवर जयभीम म्हणू नकोस, गाडीत लोक असतात. म्हातारी ‘हॅलो’ म्हणायला शिकली.

आमच्या घरीही पौर्णिमेला हीच खीर. जायफळ घातलेली. पिंपात ओतताना वास आला.

वळलो तर सुषमा उभी. सेफ्टी शूज गाडीत विसरली होती. माझ्या हातातला रिकामा डबा तिनं घेतला.

दुसऱ्या दिवशी एसेक्सला सिग्नल हिरवा होता. ती कोपऱ्यावर उभी. हात वर केला. गाडी हळू झाली नाही.

“या लोकांना सवय लावू नये,” विनायकराव म्हणाले. “आपल्या गाडीत आपली माणसं बरी. काय?”

त्या ‘काय’ला माझा ‘हो’ ठरलेला असायचा. आरशात ती लहान होत चालली होती. हात अजून वर.

“गाडी थांबवा.”

“का हो?”

“मीही जयभीमवाला आहे. थांबवा.”

ते हसले. “चेष्टा करता राव. तुम्ही वाटत नाही.”

वाटत नाही. हे ऐकण्यासाठीच तर मी अर्धं आयुष्य घालवलं होतं. मी दाराचा खटका ओढला तेव्हा त्यांनी गाडी कडेला घेतली.

हायवेच्या कडेनं मागे चालत गेलो. अमेरिकेच्या सीमेकडे जाणारे ट्रक अंगावर वारा सोडत होते. ती तिथंच होती. मी सगळं सांगितलं. आडनाव, हसणं, आई, आमच्या घरची खीर.

“मग तर तुमचं जास्तच वाईट, काका,” ती म्हणाली. “त्यांना निदान चव माहीत नव्हती.”

तिच्या नावापुढे ‘उशिरा’ लिहिणारा सुपरवायझर तोच, जो तिला रस्त्यावर सोडून गेला. महिना संपायच्या आत तिची नोकरी गेली. मी आदल्या दिवशीच तोंड उघडलं असतं तर? हा प्रश्न मी कुणावर ढकलत नाही.

नंतर मी जुनी व्हॅन घेतली. त्याच रस्त्यावर कामगारांची ने-आण करतो. एसेक्सला थांबतो, हात वर असो नसो. कुणी नवीन चढलं आणि गाव विचारलं की गाव सांगतो, आणि जात विचारायच्या आधी तीही सांगतो. काहीजण परत येत नाहीत. न येवोत.

पहिल्या आठवड्यात व्हॅन भरलेली असताना स्पीकरवर आईला फोन लावला.

“हॅलो,” ती म्हणाली.

“जयभीम, आई.”

मग हळूच, “एकटाच हाईस का रं?”

“नाही. गाडी भरलीय.”

मागे कुणीतरी खोकलं. मी आवाज कमी केला नाही. करणार नाही.