बसायची पँट

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. महाल भागातल्या माझ्या शिलाईच्या दुकानात कॉलेजातले एक जाडजूड प्राध्यापक आले.

"बाई, पँट शिवायची आहे. बसायची."

पँट घालून सगळेच बसतात, असं मी म्हटल्यावर ते सरळ फरशीवर गुडघे दुमडून टाचांवर बसले. शिवण उसवल्याचा आवाज दुकानभर झाला. ते मात्र खूश.

"पाहिलंत? हाच प्रॉब्लेम आहे."

आयुष्यभर त्यांनी जपानी चित्रांचा अभ्यास केला होता, तोही पुस्तकांत छापलेल्या चित्रांवरून. आता जपानमधल्या एका म्हाताऱ्या संग्राहकाने बोलावलं होतं. समोर जमिनीवर असं बसणाऱ्यालाच तो खरी चित्रं उलगडून दाखवत असे.

मी मांडीत आणि बैठकीत जादा कापड घातलं. ट्रायलला सर बराच वेळ बसले. शिवण टिकली, पण पाय बधिर झाले. आमची काजं करणारी म्हातारी म्हणाली, "काहून उठून नाही राहिले, सर?" शेवटी आम्ही दोघींनी त्यांना ओढून उभं केलं. तिथे कोण उठवणार, मी विचारलं.

"उठता नाही आलं तरी चालेल, बाई. बसता आलं पाहिजे."

काही महिन्यांनी तीच पँट घेऊन ते आले. शिवण शाबूत होती, गुडघ्यांवर मात्र कापड पार विरलं होतं. कापड कुठे झिजलं त्यावरून माणूस काय करतो ते मला कळतं, त्यामुळे विचारायचं काही उरलं नाही. मी टेप घेतली.

"तशीच अजून एक?"

"दोन शिवा. पुन्हा बोलावलंय."